वृत्तछायाचित्रकाराची पहिली शाळा

या साप्ताहिकाकडे आमच्या धर्मग्रामातून जी छायाचित्रे जातात, त्यांची निवड गेली काही वर्षे आम्हीच करीत आलो आहोत. म्हणून प्रथमच कबूल केलेले बरे की, ती बहुतेक सारी एकाच साच्यातून काढल्यासारखी असत. मध्यभागी प्रमुख पाहुणे, त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार. उजव्या हातास आम्ही. डाव्या हातास मुख्याध्यापिका सिस्टर. आणि मागे, मोठ्यांच्या खांद्यांमधून डोकावणारी दोन-चार मुले, ज्यांच्यासाठी तो सारा समारंभ मांडलेला होता. खाली ओळ : ‘बक्षीस-समारंभ उत्साहात पार पडला.’ उत्साह नेमका कोठे होता, हे त्या चित्रावरून कोणासही सांगता आले नसते.

दोन वर्षांपूर्वी आमचा एक वेदीसेवक आमच्याकडे आला. अकरावीत शिकणारा, गवंड्याचा मुलगा. लग्नसराईत तालुक्याच्या एका फोटोग्राफरकडे तो दिव्याचा स्टँड धरून उभा राहण्याचे काम करी, आणि त्या मजुरीतून त्याने त्याच फोटोग्राफरचा जुना कॅमेरा विकत घेतला होता. म्हणाला, “फादर, मला पेपरातले फोटो काढायला शिकायचे आहे. लग्नातले नाही.”

आम्ही त्यास उत्तर दिले ते असे : “अरे, पेपरात फोटो येण्यासाठी काहीतरी घडावे लागते. आपल्या गावात काय घडते?” हे उत्तर किती उथळ होते, ते ध्यानी येण्यास आम्हांस बराच काळ लागला. तथापि मुलाचा विरस नको म्हणून शाळेच्या क्रीडादिनाचे काम त्याच्याकडे सोपविले. त्याने तीनशे बारा चित्रे काढली. आम्ही त्यांतून चार निवडली, चारही पाहुण्यांची.

त्याच वर्षी डिसेंबरात एका धर्मगुरू-मित्राच्या रौप्यमहोत्सवासाठी आम्हांस हैदराबादेस जावयाचे होते. हैदराबादेत २०१५ सालापासून ‘इंडियन फोटो फेस्टिव्हल’ या नावाने छायाचित्रांचे मोठे प्रदर्शन भरत आले आहे, असे त्या मुलाने कोठेतरी वाचले होते. त्याच्या वडिलांची परवानगी घेऊन आम्ही त्यास बरोबर नेले. मराठवाड्यातल्या माणसास हैदराबाद तसे परके नाही. १९४८ सालापर्यंत आपले जिल्हे निजामाच्याच राज्यात होते; आमच्या आजोबांच्या पिढीस कोर्टकचेरीचे मोठे काम निघाले, की हैदराबादचीच वाट धरावी लागे.

चौमहल्ला राजवाड्यात निजाम घराण्याची जुनी छायाचित्रे मांडलेली आहेत. ती पाहता पाहता राजा दीनदयाळ या नावाशी आमची गाठ पडली. दीनदयाळ हे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार. जन्म १८४४, मेरठजवळच्या सरधना गावी, एका जैन जवाहिऱ्याच्या कुटुंबात. सरधना म्हटले की आपणां कॅथलिकांस बेगम समरूने बांधविलेले पवित्र मारियेचे भव्य मंदिर आठवते. १९६१ साली त्यास बॅसिलिकेचा मान मिळाला. दीनदयाळांचे बालपण त्याच गावचे, हे वाचून आम्हांस उगाचच आनंद झाला.

परंतु आमच्या वेदीसेवकास या गृहस्थांच्या चरित्रातील निराळीच गोष्ट भावली. दीनदयाळ कोणत्याही छायाचित्रण-शाळेत शिकलेले नव्हते. रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते निघाले, आणि १८६६ पासून इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात खर्चाचे अंदाज व नकाशे करण्याची नोकरी करू लागले. कॅमेरा हाती घेतला तो १८७४ च्या सुमारास, नोकरी सांभाळून. आपल्या कामाच्या मुलखातील इमारती, आपल्याच गावी येणारे पाहुणे, तेथले मेळावे, यांवर त्यांनी हात बसविला. पुढे सिकंदराबादेस छायालय झाले, १८९६ साली मुंबईस झाले, आणि निजामाने ‘राजा मुसव्विर जंग’ असा किताब दिला. त्यांच्या उमेदीच्या काळात काचेच्या पट्टीवर ओले रसायन चढवावे, ते वाळण्याच्या आत चित्र घ्यावे, आणि लगेच अंधाऱ्या तंबूत शिरून ते धुवावे, अशी रीत होती. एकेक चित्र म्हणजे पाव तासाची धावपळ. तीनशे बारा चित्रे घेणाऱ्याने या गोष्टीचा विचार करावा, असे आम्ही मुलास म्हणालो. त्याने मान डोलाविली. पटले की नाही, कळले नाही.

दीनदयाळांनी निजामाच्या शिकारी, महाल, फौजेच्या कवायती, इंग्रज पाहुण्यांचे थाट, सारे काही टिपले. त्यांतील अडीच हजारांहून अधिक, नेमक्या २,८५७ काचपट्ट्या १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. तथापि आमच्या मुलाचे पाऊल अडले ते शिकारीच्या चित्रापाशी नव्हे. ज्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो, त्यांच्या कपाटात दीनदयाळांवरील एक ग्रंथ होता. १८९५ ते १९०२ या काळात औरंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात, दुष्काळनिवारणाची जी कामे निजाम सरकारने चालविली, त्यांची छायाचित्रे दीनदयाळांच्या छायालयाने घेतली होती. १८९९-१९०० चा तो महादुष्काळ. आमच्या धर्मग्रामातील दोन-तीन घराणी आपल्या घराचा इतिहास त्या दुष्काळापासूनच सांगतात; त्यापूर्वीचे कोणास ठाऊक नाही.

रात्री जेवणानंतर मुलगा ते पान उघडून बसला. ओळीने बसलेली, हाडे निघालेली माणसे. बराच वेळ पाहून त्याने विचारले, “फादर, ह्यांची नावे कुठे लिहिली आहेत?”

आम्ही मागचे पुढचे पान चाळले. आम्हांस ती सापडली नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही अफझलगंजकडे गेलो. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीस महापूर येऊन सुमारे पंधरा हजार माणसे दगावली, असे सांगतात. त्या वेळी ज्या चिंचेवर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली, ते झाड आज उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आहे. दीनदयाळ १९०५ सालीच निवर्तले होते. परंतु त्यांच्या छायालयाने पुरानंतरचे पडके वाडे, तुटलेले पूल, चिखलातून वाट काढणारे लोक टिपून ठेविले. पुढे विश्वेश्वरय्यांना पाचारण करण्यात आले. १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली हिमायतसागर असे दोन जलाशय पुरे झाले. पुराची ती चित्रे आज हैदराबादकर माणूस शिकारीच्या चित्रांहून अधिक आस्थेने पाहतो, यात आम्हांस नवल वाटत नाही. दरबाराच्या चित्रात दरबार असतो. पुराच्या चित्रात गाव असतो.

याच मुक्कामात वृत्तपत्रात आयुष्य घालविलेल्या एका वयोवृद्ध छायाचित्रकारांची गाठ पडली. त्यांनी मुलास पहिला प्रश्न विचारला, “तुझ्या गावातला शेवटचा कार्यक्रम कोणता?” मुलगा ओशाळून म्हणाला, “शाळेचा क्रीडादिन.” ते म्हणाले, “मग शाळा तुझ्यापाशीच आहे.” आणि त्यांनी होमाई व्यारावाला यांची हकिकत सांगितली. नवसारीस १९१३ साली जन्मलेली ही पारशी मुलगी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकली, आणि पुढे भारतातील पहिली महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून नावाजली. गांधीजींची अंत्ययात्रा तिने टिपली. २०११ साली तिला पद्मविभूषण मिळाले. तिची प्रथम छापून आलेली चित्रे कशाची होती? महिलांच्या एका मंडळाच्या सहलीची! ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने ती छापली आणि प्रत्येक चित्रास एक रुपया दिला.

त्या वृद्ध गृहस्थांनी मुलास जो पाठ दिला तो आम्ही जवळच बसून ऐकला. समारंभ सुरू होण्यापूर्वी एक तास जावे आणि संपल्यावर एक तास थांबावे. चांगले चित्र पुष्कळदा त्या दोन तासांतच असते. एकाच प्रसंगाची तीन अंतरांवरून चित्रे घ्यावी : दुरून, म्हणजे जागा कळते, मध्यातून, म्हणजे कोण काय करीत आहे ते कळते, आणि अगदी जवळून, हात किंवा चेहरा. मुलांचे चित्र घेताना गुडघ्यावर बसावे, कारण उभ्याने घेतले तर मुलाचे डोके तेवढे येते आणि मूल राहून जाते. खिडकीकडे पाठ करून उभ्या माणसाचे तोंड काळे पडते, म्हणून खिडकी आपल्या बाजूस घ्यावी. आणि खिशात वही असावी. नाव, आडनाव, गाव, दिनांक. तेही त्या माणसाकडूनच विचारून, त्यास वाचून दाखवून. चित्र उत्तम आणि नाव चुकीचे, तर ते चित्र खोटे.

पुढच्या क्रीडादिनी मुलगा सकाळी सातलाच मैदानावर होता. चुन्याच्या रेघा आखणारा शिपाई, आदल्या रात्रीच्या दवाने भिजलेली सतरंजी दोघींनी मिळून पिळणे, बूट नसल्यामुळे पायाला रुमाल बांधून घेणारा एक धावपटू, हे सारे त्याने आधीच घेऊन ठेविले. शंभर मीटरच्या शर्यतीत तो मुलांमागे धावला नाही. अंतिम रेषेजवळ बसून, कॅमेऱ्याची दृष्टी आधीच त्या रेषेवर स्थिर करून, सेकंदाच्या पाचशेव्या भागावर झडप ठेवून तो वाट पाहत राहिला. लिंबू-चमच्याच्या शर्यतीत लिंबू पडले त्या क्षणीचा एका मुलीचा चेहरा त्यास मिळाला. ती हरली होती आणि हसत होती. आम्ही ते चित्र पाहिले आणि मागच्या वर्षीच्या आमच्या चार चित्रांची आम्हांस लाज वाटली.

बक्षीस देताना पाहुण्यांचा चेहरा नीट आला नसावा अशी शंका येऊन आम्ही म्हणालो, “साहेब, करंडक पुन्हा एकदा द्या, फोटो राहिला.” पाहुणे तयार झाले. मुलगा हळूच आमच्या कानाशी येऊन म्हणाला, “फादर, दिला ना एकदा. आता दिला तर ते नाटक होईल.” आमच्या प्रवचनांत खरेपणावर पुष्कळ काही असते, ते वेदीसेवकांच्या कानावर पडत असते, हे आम्ही विसरलो होतो.

मंदिरातील प्रसंग हे मैदानाहून कठीण. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी पालकांचे पंचवीस मोबाईल वेदीपुढे उभे राहतात, आणि बालकास धर्मगुरू दिसत नाही व धर्मगुरूस बालक दिसत नाही. आम्ही नियम केला : एकच छायाचित्रकार, तो सॅक्रिस्टीच्या दाराशी, लखलखाट न करता, आणि ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत कधीही न शिरता. पास्काच्या जागरणास दिवे मालविलेले असतात; तेथे खांबाला टेकून, श्वास रोखून, मेणबत्त्यांच्या उजेडातच चित्र घ्यावे लागते. त्याची पहिल्या वर्षीची सारी चित्रे हलली. दुसऱ्या वर्षी दोन साधली. ख्रिस्तसभेने संपर्कसाधनांवरील आपला आदेश १९६३ सालीच, व्हॅटिकन परिषदेत, प्रसिद्ध केला. १९६७ पासून दरवर्षी संपर्कसाधनांचा जागतिक दिन पाळला जातो. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी त्या दिनासाठी योहानाच्या शुभवर्तमानातील प्रसंग निवडला होता, फिलिप नथनेलास येऊन पाहावयास सांगतो तो. आम्ही त्यावर त्या वर्षी प्रवचनही केले होते. पाहणे म्हणजे काय, याचा पाठ मात्र आम्हांस जूनमध्ये, शाळा उघडल्यावर मिळाला; आणि तो सांगितल्याशिवाय हा लेख पुरा करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

दरवर्षी शाळा सुरू होताच धर्मग्रामातर्फे वह्या वाटल्या जातात. मुलाने नेहमीप्रमाणे चित्रे घेतली आणि त्यांतील एक आम्हांस फार आवडले. आठवीतील एक मुलगी दोन्ही हात पुढे करून वह्यांचा गठ्ठा घेत आहे, डोळे खाली, वर देणगीदाराचा प्रसन्न हात. मुलाने आमच्यापुढे दुसरे एक चित्र ठेविले होते : तीच मुलगी फळ्यावर गणित सोडवीत आहे, हाताला खडू, कपाळावर आठी. तो म्हणाला, “फादर, हे घ्या.” आम्ही म्हणालो, “यात वह्या कोठे आहेत?” आणि पहिले चित्र मोठे करून मंदिराच्या सूचनाफलकावर लाविले. खाली आम्हीच लिहिले : ‘गरीब विद्यार्थिनीस वह्यांची मदत.’ धर्मग्रामाच्या मोबाईलवरील समूहातही पाठविले.

तिसऱ्या दिवसापासून मुलगी शाळेत आली नाही. सिस्टरांनी निरोप पाठविला, उत्तर नाही. आठवड्याने तिचे वडील आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. बसावयास सांगितले तरी बसले नाहीत. म्हणाले, “फादर, वह्या दिल्या, उपकार झाले. पण माझी पोर गरीब म्हणून भितीला लावली तुम्ही. वर्गात पोरं तिला ‘मदत’ म्हणून हाका मारतेत.”

आम्ही त्याच क्षणी जाऊन चित्र काढले. समूहातूनही काढले, परंतु तोवर ते कितीजणांनी पुढे पाठविले होते ते देव जाणे. फलकावरचे चित्र खाली घेता येते. मोबाईलवरून गेलेले परत आणता येत नाही. संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. मुलीच्या आईने चहा केला. मुलगी आतून बाहेर आली नाही. हैदराबादेस दुष्काळातील माणसांची नावे शोधीत बसलेल्या मुलास घेऊन फिरलेले आम्ही. आणि येथे नाव ठाऊक असलेल्या मुलीस, जिचा बाप्तिस्मा आम्ही दिला तिला, आम्ही ‘गरीब विद्यार्थिनी’ केले होते! त्या जुन्या चित्रसंचात निजामाचे औदार्य दाखवावयाचे होते; आमच्या चित्रात आमचे.

वाचकहो, येथे एक गोष्ट बहुतेकांस ठाऊक नसते, म्हणून सांगतो. संकटात सापडलेल्या, अत्याचाराला बळी पडलेल्या अथवा गुन्ह्याचा आरोप असलेल्या बालकाची ओळख पटेल असे चित्र वा नाव प्रसिद्ध करण्यास २०१२ चा बाल-लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि २०१५ चा बाल-न्याय कायदा मनाई करतात. आमची चूक त्या कायद्यांत बसत नव्हती. कायद्यात न बसणारी दुखापतही दुखापतच असते. होमाईबाईंनी १९७० साली कॅमेरा बाजूस ठेविला, त्याचे एक कारण त्या असे सांगत की, नव्या छायाचित्रकारांत पूर्वीची शिस्त आणि दुसऱ्याचा आदर राहिला नव्हता. आणि दीनदयाळांनी १८९२ साली हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळे छायालय काढले, ते एका इंग्रज बाईंच्या हाती सोपविलेले होते. समोरच्या माणसाची मर्यादा राखून चित्र घेता येते, हे त्या काळीही ठाऊक होते.

नऊ दिवसांनी मुलगी शाळेत आली. आम्हांस वाटले, आता फळ्याजवळचे ते सुरेख चित्र लावावे, म्हणजे झाले गेले भरून निघेल. मुलगा म्हणाला, “आधी तिला विचारू या.” सिस्टरांच्या समक्ष त्याने तिला चित्र दाखविले. तिने ते नीट पाहिले, आणि “नको” म्हणाली. ते चित्र कोठेही लागले नाही. या साप्ताहिकाकडेही ते आलेले नाही, येणार नाही. त्याची एक प्रत तिने मात्र मागून घेतली.

यंदाच्या जूनमध्ये वह्यावाटपाच्या वेळी मुलाने चेहरे घेतलेच नाहीत. वह्यांना वर्तमानपत्राचे वेष्टन घालणाऱ्या आया, पिशव्या सायकलला अडकविताना उडालेली तारांबळ, आणि रिकामे झालेले खोके. संपादकांनी त्यांतील एक छापले. खाली ओळ मुलाने लिहिली होती. तीत देणगीदाराचे नाव होते, वह्यांची संख्या होती, आणि घेणाऱ्यांविषयी एवढेच की, शाळेतील पाचवी ते दहावीच्या मुलांनी त्या घेतल्या. देणगीदार आमच्यावर किंचित रुसले. असो.

आता तो बारावी उत्तीर्ण झाला आहे. हैदराबादेत मासाब टँक भागात जवाहरलाल नेहरू यांच्या नावाचे वास्तु व ललित कलांचे विद्यापीठ आहे. तेथे छायाचित्रणाचा चार वर्षांचा पदवी-अभ्यासक्रम चालतो. त्याचा अर्ज भरावा असे त्याच्या मनात आहे. वडिलांचे म्हणणे, आयटीआयला जा, दोन वर्षांत हाताला काम. हे म्हणणे चुकीचे आहे असे आम्ही म्हणू शकत नाही. चार वर्षे परप्रांतात मुलास ठेवण्याचा खर्च गवंड्याच्या मजुरीतून कसा निघावा? तरीही गेल्या रविवारी मिस्सानंतर आम्ही त्यांच्या घरी गेलो. मुलाने आपली निवडक चाळीस चित्रे वडिलांपुढे मांडली. त्यांनी एकेक उचलून, उजेडाकडे धरून पाहिले. सारी पाहून झाल्यावर ते म्हणाले, “समद्या गावाचे फोटू हायेत. माझ्या कामाचा एक नाही.”

मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो कॅमेरा आणि वही घेऊन बापाच्या मागोमाग बांधकामावर गेला. अर्जाचा निर्णय अजून झालेला नाही. मुदत संपण्यास बारा दिवस आहेत.